धोंडो : एका विरळ होत गेलेल्या नावाची जडणघडण

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत, घराण्यांच्या वंशावळींत आणि विसाव्या शतकातील ग्रंथकारांच्या आद्याक्षरांत ‘धोंडो’ हे पुरुषनाम सहज भेटते. आजच्या शाळांच्या हजेरीपटांवर मात्र ते जवळजवळ सापडत नाही. एखादे नाव मागे पडावे यात नवल नाही, कारण नावांनाही चलती असते आणि आजोबांच्या पिढीची नावे नातवंडांना जुनाट वाटणे हे सर्वच समाजांत घडते. ‘धोंडो’च्या बाबतीत मात्र लोकांची आवड बदलली एवढे म्हणून भागत नाही, कारण हे नाव पुष्कळदा आवडीने ठेवलेच जात नसे, मूल जगेल की नाही या धास्तीने ते ठेवले जाई आणि पुढे रूढीने ते चालत राही. त्यामुळे या नावाचा प्रसार आणि लोप समजून घ्यायचा तर शब्दाच्या व्युत्पत्तीबरोबरच बालमृत्यूचा, कुटुंबातील नामकरणाच्या रीतींचा आणि मराठीत पूर्ण नाव लिहिण्याच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो.

शब्द आणि त्याची रूपे

‘धोंडा’ म्हणजे ओबडधोबड, घडणावळ न झालेला दगड. घडवलेल्या दगडाला चिरा, पाटा, जाते अशी कामापुरती नावे मिळतात, तर धोंडा हा शेताच्या बांधावर किंवा वाटेवर पडून राहणारा, कोणाच्याही मालकीचा नसलेला दगड होय. भाषेतही या शब्दाला मान नाही: माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, नको असलेली जबाबदारी गळ्यातली धोंड होते आणि बुद्धीने मंद असलेल्या मुलाला दगडधोंडा म्हटले जाते. अशा शब्दापासून माणसाचे नाव घडावे, आणि तेही थेट, कोणताही आडपडदा न ठेवता, हेच या नावाचे पहिले वैशिष्ट्य होय.

मूळ शब्दापासून नावाची अनेक रूपे झाली. धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडजी, धोंडिराम, धोंडो आणि धोंडोपंत ही पुरुषांची, तर धोंडूबाई आणि धोंडाबाई ही स्त्रियांची रूपे होत. त्यांतील ‘बा’, ‘जी’ आणि ‘पंत’ ही आदरवाचक जोड आहे. ‘पंत’ हे ‘पंडित’ शब्दाचे आटोपशीर रूप असून ते मुख्यतः लेखणीवर जगणाऱ्या ब्राह्मण घराण्यांत चालत असे. ‘धोंडो’मधील अखेरचा ओकार हा जुन्या मराठी नावांच्या एका मोठ्या गटाची खूण आहे. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, राघवाचा राघो, केशवाचा केसो आणि दत्ताचा दत्तो याच पद्धतीने झालेला दिसतो; नाशिकच्या प्रसिद्ध घंटेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नारो शंकर आणि इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार ही त्याची परिचित उदाहरणे होत. कोणाच्या वाट्याला कोणते रूप येई हे बव्हंशी जात, व्यवसाय आणि वय यांवर ठरत असे. कारकुनी करणाऱ्या घरात जो धोंडोपंत होई, तोच शेतकऱ्याच्या घरात धोंडिबा होई, आणि ज्याला कोणी मान देत नसे त्याची हाक ‘धोंड्या’वरच थांबे.

उच्चाराने जवळ असलेले परंतु मुळाने वेगळे असे एक नाव येथे बाजूला काढणे आवश्यक आहे, ते म्हणजे ‘धुंडिराज’. काशीत विश्वनाथाच्या मंदिराजवळ असलेल्या गणपतीला ढुंढिराज म्हणतात, आणि स्कंदपुराणातील काशीखंडात या नावाचा संबंध ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे. मराठीतील ‘धुंडणे’ हे क्रियापदही याच अर्थाचे होय. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद होते. धुंडिराज हे देवाचे नाव असल्याने त्याला शास्त्राचा आणि क्षेत्राचा आधार आहे, तर धोंडोला असा कोणताही आधार नाही. गोमंतकात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत व्रतस्थ राहून अग्नीतून जाणाऱ्या भक्तांना ‘धोंड’ म्हणतात, पण ती व्रताची संज्ञा आहे, व्यक्तीचे नाव नव्हे. ‘धोंड’ हे आडनावही आहे आणि ज्ञानेश्वरीचे अभ्यासक म. वा. धोंड यांच्यामुळे ते मराठी वाचकांना परिचित आहे.

दगडाच्या नावाने राखलेले मूल

ज्या घरात एकामागून एक मुले दगावत, तेथे पुढच्या मुलाला हलके, तुच्छ किंवा किळसवाणे वाटेल असे नाव देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर होती. अशा नावांना अरिष्टनिवारक नावे म्हणता येईल, म्हणजे येऊ घातलेले संकट टाळण्यासाठी योजलेली नावे. त्यामागील समजूत अशी की मृत्यू, दृष्ट किंवा मत्सरी दैवत यांचे लक्ष आवडत्या, देखण्या आणि कौतुकाच्या मुलाकडे जाते. तेव्हा मुलाला आईबापांनीच धोंडा म्हटले, तर नेण्यासारखे येथे काही नाही असे वाटून ते लक्ष दुसरीकडे वळेल. धोंडू आणि दगडू ही या गटातील सर्वांत रुळलेली नावे होत. केराचा केरू किंवा केरबा, कचऱ्याचा कचरू, उकिरड्याचा उकिरडा किंवा विदर्भातील उकर्डा ही नावेही त्याच विचारातून आली.

हाच हेतू साधण्याच्या इतरही युक्त्या होत्या आणि त्यांनी नावांचे वेगवेगळे गट निर्माण केले. मूल आपले नव्हेच, ते मागून किंवा विकत आणलेले आहे असा बहाणा केला की भिकू, भिकाजी किंवा कवडू अशी नावे येत. कवडू म्हणजे एका कवडीला घेतलेला. बंगालमध्ये हीच कल्पना तीनकौडी आणि पाचकौडी या नावांत दिसते, कारण तेथे दाईने किंवा शेजारणीने मूल कवड्या घेऊन परत विकल्याचा विधी होत असे. उत्तर भारतात बाळाला जमिनीवरून ओढल्याची आठवण ‘घसीटा’ या नावात राहिली आणि नाक किंवा कान टोचल्याची ‘छेदी’ या नावात. मुलगा नसून मुलगी आहे असे भासवण्यासाठी नाक टोचून नथ घालण्याच्या प्रकारातून नथू हे नाव आले; महात्मा गांधींचा मारेकरी नथुराम गोडसे याचे मूळ नाव रामचंद्र होते आणि आधीचे मुलगे दगावल्यामुळे त्याला नथ घातली गेल्याने पुढचे नाव रूढ झाले.

या प्रथेचे गांभीर्य नामकरणाच्या वेळेवरून अधिक स्पष्ट होते. मराठी घरांत बाळाचे बारसे साधारणपणे बाराव्या दिवशी होते; त्यापूर्वी पाचवी किंवा सहावीच्या रात्री सटवाईची पूजा होते आणि ती त्या रात्री बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते असे मानले जाते. नाळ कापताना होणाऱ्या जंतुसंसर्गातून उद्भवणारा नवजात धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच मूल नेत असे, हे लक्षात घेतले म्हणजे सटवाईची रात्र आणि बारसे यांच्यामधला काळ किती धोक्याचा होता याची कल्पना येते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगे तेव्हा त्या घराला सर्वांत मोठी चिंता मूल टिकेल की नाही हीच असे, आणि ‘धोंडो’ हे त्या चिंतेला दिलेले एक उत्तर होते.

दगड निवडण्यात मात्र तुच्छतेपलीकडचाही एक अर्थ आहे, आणि तो केर किंवा कचरा या शब्दांत नाही. दगड झिजत नाही, कुजत नाही, मरत नाही. पारस्कर गृह्यसूत्रातील जातकर्मविधीत, म्हणजे जन्मानंतर लगेच करावयाच्या संस्कारात, पित्याने नवजात बालकाला दगडासारखा, परशूसारखा आणि अक्षय सोन्यासारखा होण्याचा आशीर्वाद द्यावा असे सांगितले आहे. विवाहविधीतही वधूला दगडावर पाय ठेवायला लावून स्थिर राहण्यास सांगितले जाते, त्या विधीला अश्मारोहण असे नाव आहे. महाराष्ट्राच्या लोकधर्मात तर शेंदूर माखलेला अनघड दगड, ज्याला तांदळा म्हणतात, तोच अनेक ठिकाणी देव असतो. धोंडो हे नाव ठेवणाऱ्या खेड्यातील मातापित्यांना गृह्यसूत्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही शिवेवरचा शेंदरी दगड रोज पाहणाऱ्या माणसाला धोंडा हा निरुपयोगी आणि अविनाशी असा दोन्ही वाटू शकत होता. याच दुहेरी अर्थामुळे हे नाव आपल्या गटातील इतर नावांपेक्षा अधिक पसरले आणि वरच्या मानल्या गेलेल्या जातींतही संकोचाशिवाय चालले, असे मानण्यास जागा आहे.

प्रथेचे जुनेपण आणि विस्तार

तुच्छ नावाने मूल राखण्याची कल्पना मराठी भाषेहून जुनी आहे. श्वेतांबर जैन आगमांतील अकरावे अंग असलेल्या विपाकसूत्रात उज्झितक नावाच्या मुलाची कथा येते. त्याच्या आईची मुले जन्मताच दगावत असत, म्हणून याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकून पुन्हा उचलून घेण्यात आले आणि टाकलेला या अर्थाने त्याचे नाव उज्झितक पडले. मराठीत उकिरडा हे नाव ज्या विधीतून आले तो या कथेत जवळजवळ जसाच्या तसा आढळतो, आणि ‘उकिरडा’ हा शब्दही प्राकृतातील ‘उक्कुरुड’ याच शब्दाचा वारस आहे.

धर्मशास्त्राची अपेक्षा मात्र याच्या उलट होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम सांगताना ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक आणि वैश्याचे धनवाचक असावे असे म्हटले आहे, तर शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असा दंडक घातला आहे. त्यामुळे हलक्या अर्थाच्या प्रत्येक नावाकडे एकाच दृष्टीने पाहणे चुकीचे ठरते. दगडू, केरू किंवा धोंडू हे नाव मातापित्यांनी मूल वाचावे म्हणून स्वतः ठेवले असेल, तर ते मायेचे लक्षण आहे. तसेच नाव वरच्या जातीने खालच्या जातीवर लादले असेल, किंवा चांगले नाव ठेवण्याची मुभाच नाकारली असेल, तर ते गुलामीचे लक्षण आहे. एकाच नावाच्या मागे हे दोन्ही इतिहास असू शकतात. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाची रचना संवादरूप असून त्यात जोतीरावांशी बोलणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या आणि शंका उपस्थित करणाऱ्या पात्राचे नाव धोंडीबा आहे. बहुजन समाजातील सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हणून हे नाव वाचकाला लगेच पटावे इतके ते त्या काळी घरोघरी परिचित होते.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो या दोहोंपासून वेगळा काढला पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात एकापाठोपाठ मुली झाल्या की पुढच्या मुलीचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवले जाई. येथे मूल जगावे ही इच्छा नसून पुन्हा मुलगी होऊ नये ही इच्छा आहे, म्हणजे नाव ठेवून राखण्याऐवजी नाव ठेवून नाकारणे आहे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली.

भारताबाहेरही अरिष्टनिवारक नावे मोठ्या प्रमाणावर आढळतात. मंगोलियात ‘नाव नाही’ या अर्थाचे नेरगुई, ‘हा नव्हे’ या अर्थाचे एनेबिश आणि ‘माणूस नव्हे’ या अर्थाचे खुनबिश ही नावे आजही लावली जातात. तुर्कस्तानात ‘राहो’ या अर्थाचे दुर्सुन आणि ‘जगतो’ या अर्थाचे याशार ही नावे आहेत, तर चीनच्या ग्रामीण भागात बाळाला कुत्र्याने सोडून दिलेला अशा अर्थाचे घरगुती नाव देण्याची रीत होती. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजात वारंवार जन्म घेऊन वारंवार मरणाऱ्या बालकाला आबिकू म्हणतात, आणि अशा मुलाला मालोमो, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, किंवा कोकुमो, म्हणजे ‘आता मरणार नाही’, अशी नावे ठेवतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या समाजांत एकाच प्रकारची नावे निर्माण झाली याचे कारण उसनवारीत नसून समान अनुभवात आहे.

प्रसाराच्या आणखी दोन वाटा

सर्वच धोंडो मृत भावंडांनंतर जन्मलेले नव्हते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे असल्याने दोहोंचा मेळ घालण्यासाठी सुमारे दर ३२ ते ३३ महिन्यांनी पंचांगात एक महिना अधिक धरला जातो. या अधिक मासाला महाराष्ट्रात ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात. त्यात मंगलकार्ये वर्ज्य असतात, पण जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे आणि अनारसे खाऊ घालण्याची चाल आहे. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू किंवा धोंडिराम असे नाव देण्याचीही रीत होती. याच महिन्याचे दुसरे नाव पुरुषोत्तम मास असल्याने शास्त्राकडे ओढा असलेली घरे मुलाला पुरुषोत्तम म्हणत, आणि पश्चिम महाराष्ट्रात अधिकराव हे नावही त्यातूनच आले. कारण एकच असूनही घराच्या वळणाप्रमाणे तीन निराळी नावे पडत.

दुसरी वाट आजोबांच्या नावाची होती. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या पद्धतीमुळे जुन्या मराठी वंशावळींत दोन नावे आलटून पालटून येताना दिसतात: धोंडोचा मुलगा केशव, केशवाचा मुलगा पुन्हा धोंडो. या रीतीने नाव आपल्या मूळ कारणापासून सुटते. पहिला धोंडो भीतीपोटी ठेवलेला असला, तरी त्याच्या नातवाला ते नाव आदरापोटी मिळते, आणि मग एका घरातील एका प्रसंगाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. घरातील सुनांनी सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही हा दंडकही त्याच्या मदतीला येई. आजोबांचे नाव मिळालेल्या मुलाला घरात कोणी त्या नावाने हाक मारू शकत नसे, म्हणून त्याला नाना, अण्णा, तात्या, बापू असे दुसरे नाव मिळे. त्यामुळे धोंडो हे नाव रोजच्या बोलण्यात कमी आणि कागदावर अधिक वावरत असे, आणि रोज कानावर न पडल्यामुळे त्याचा अर्थही कोणाला टोचत नसे.

इतिहासातील धोंडो

या नावाचा विस्तार सामाजिकदृष्ट्या किती मोठा होता, हे १८०० मधील एका संघर्षावरून दिसते. टिपू सुलतानाच्या कैदेत असलेला धोंडजी वाघ मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर सुटला, त्याने मोठी फौज उभी करून दक्षिण मराठा प्रदेशात धुमाकूळ घातला आणि दोन्ही जगांचा राजा असे बिरुद धारण केले. त्याच्यावर चालून गेलेले पेशव्यांच्या बाजूचे सरदार धोंडोपंत गोखले जून १८०० मध्ये त्याच्याशी लढताना मारले गेले. हे धोंडोपंत पुढे इंग्रजांविरुद्धच्या अखेरच्या युद्धात गाजलेले सेनापती बापू गोखले यांचे चुलते होत. त्याच वर्षी १० सप्टेंबरला आजच्या कर्नाटकातील कोनगल येथे इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली याच्या घोडदळाने धोंडजीला ठार केले. एक बंडखोर घोडेस्वार आणि दुसरा प्रतिष्ठित ब्राह्मण सरदार, दोघांच्याही पाळण्यात धोंडाच ठेवला गेला होता. फरक होता तो फक्त ‘जी’ आणि ‘पंत’ यांचा.

१८५७ च्या उठावातील प्रमुख नेते नानासाहेब पेशवे यांचेही नाव धोंडोपंत होते. १८२४ मध्ये जन्मलेल्या या मुलाला दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतले आणि तो ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला वाढला. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख धोंडोपंत या नावाने वारंवार येतो, पण मराठी लोकस्मृतीत ‘नानासाहेब’ हेच नाव राहिले.

सर्वांत विख्यात धोंडो म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले. शंभराहून अधिक वर्षे जगलेल्या माणसाचे नाव धोंडो असावे हा योगायोग आहे, तरी नाव ठेवण्यामागील जुन्या समजुतीला याहून ठळक पुष्टी मिळाली नसती. मात्र त्यांनाही त्यांच्या संस्थेत आणि घरात सर्व जण अण्णा म्हणत. संगीतात जयपूर-अत्रौली घराण्याच्या धोंडूताई कुलकर्णी यांनी या नावाचे स्त्रीरूप विसाव्या शतकाच्या पलीकडे आणले. १९२७ मध्ये जन्मलेल्या आणि केसरबाई केरकरांकडे शिकलेल्या या गायिकेचे २०१४ मध्ये निधन झाले.

नाव मागे का पडले

किती जणांचे नाव धोंडो होते याचा हिशेब आकड्यांनी देता येत नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी किमान पाच नवजात बालकांना मिळालेले प्रत्येक नाव प्रसिद्ध करते, इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मर्यादा तीन आहे, आणि त्यामुळे तेथे दुर्मीळ नावांचा चढउतारही वर्षागणिक मोजता येतो. भारतात जन्मनोंदणीची अशी नावनिहाय यादी निघत नाही. अभ्यासकाला कुलवृत्तांत, मतदारयाद्या, जुनी नियतकालिके आणि दफ्तरखान्यातील कागद यांवरच विसंबावे लागते. त्या साधनांतून दिसणारी दिशा मात्र निःसंदिग्ध आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर जन्मलेल्यांत धोंडो झपाट्याने कमी होतो आणि धोंडिराम, धोंडिबा ही ग्रामीण रूपे त्याच्यानंतर काही काळ टिकतात.

याचे पहिले कारण मुले जगू लागली हे होय. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी दोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. नमुना नोंदणी पाहणीनुसार हे प्रमाण १९७१ मध्ये १२९ होते आणि २०२० मध्ये २८ वर आले, तर महाराष्ट्रात ते त्या वर्षी १६ होते. देवीच्या रोगाचे उच्चाटन, गरोदरपणी दिली जाणारी धनुर्वाताची लस, दवाखान्यातील बाळंतपणे आणि १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम यांनी सटवाईच्या रात्रीचा धाक कमी केला. ज्या घरात दोन मुले जन्मतात आणि दोन्ही वाढतात, तेथे मृत्यूला चकवणारे नाव शोधण्याची गरज उरत नाही. येथे एक लक्षणीय दुवा आहे: संततिनियमनासाठी मुंबईत पहिले केंद्र काढणारे आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षींचे पुत्र होत. छोटे आणि निरोगी कुटुंब या ज्या विचारासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच विचाराने त्यांच्या वडिलांच्या नावासारख्या नावांची निकड संपवली.

दुसरे कारण अर्थाची जाणीव हे आहे. शाळा, नोकरी आणि शहर यांनी पाळण्यातले नाव घराबाहेर आणले; हजेरीत रोज पुकारले जाणारे नाव वर्गातील मुलांच्या थट्टेचा विषय होऊ लागले, आणि नाना किंवा अण्णा या संबोधनांचा आडोसा संपला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मधील निवेदकाचे नाव धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी असे आहे. यातील धोंडो आणि भिकाजी ही दोन्ही नावे अरिष्टनिवारक गटातील आहेत. एके काळी मुलाचे रक्षण करणारी ही जोडी मुंबईतल्या सामान्य कारकुनाच्या नावात हास्यनिर्मितीसाठी योजता आली, याचाच अर्थ वाचकांच्या लेखी तिचे मूळ काम संपले होते. २०१४ मधील ‘टाइमपास’ या लोकप्रिय चित्रपटाच्या नायकाचे ‘दगडू’ हे नावही त्याची सामाजिक पायरी पहिल्याच हाकेत कळावी म्हणून ठेवलेले आहे.

तिसरे कारण आजोबांचे नाव ठेवण्याची रीत मोडली हे आहे. मूळ कारण गेल्यावरही धोंडोला जो वारसा जगवत होता, तो नातवाला नवे, आगळे आणि शक्यतो दुसऱ्या कोणाचे नसलेले नाव शोधण्याच्या ओढीने तुटला. भीती आधी गेली आणि वारसा नंतर गेला, म्हणूनच या नावाचा ऱ्हास बालमृत्यूच्या घटीबरोबर न होता एका पिढीच्या अंतराने झालेला दिसतो.

त्यानंतरही नाव एका ठिकाणी आणखी काही काळ टिकले, ते म्हणजे मधल्या नावात. मराठीत व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने पूर्ण नाव लिहिले जाते आणि साहित्यव्यवहारात पहिल्या दोहोंची आद्याक्षरे लावली जातात. त्यामुळे धोंडो नावाच्या पित्याची मुले नामदेव किंवा रघुनाथ झाली, तरी ‘धों.’ हे अक्षर त्यांच्याबरोबर राहिले. र. धों. कर्वे यांच्यानंतर मराठी वाचकाला या अक्षराची सर्वाधिक सवय लावली ती कवी ना. धों. महानोर यांनी; नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १९४२ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये ते निवर्तले. ‘धों.’ म्हणजे काय हे न विचारताच कित्येक वाचकांनी ते अक्षर आयुष्यभर वाचले. नातवंडांच्या पिढीत मधले नावही बदलते, आणि मग हा शेवटचा धागाही सुटतो.

अलीकडे काही जुनी नावे पुन्हा चलतीत आली आहेत. मल्हार, राघव, रमा, जिजा अशी एके काळी मागे पडलेली नावे शहरी पालक आज हौसेने ठेवतात, कारण त्यांना देवतेचा, इतिहासाचा किंवा नादाचा आधार आहे आणि जुनेपण हीच त्यांची नवलाई ठरते. धोंडो मात्र या परतीच्या प्रवासात सामील होण्याची शक्यता थोडी आहे. त्याला क्षेत्राचे पाठबळ नाही, त्याचा अर्थ आजच्या मराठीतही तितकाच उघड आणि बोचरा आहे, आणि ज्या एका कामासाठी ते निवडले जाई ते काम आता लस आणि प्रसूतिगृह करतात. म्हणून जुन्या वंशावळीत हे नाव आढळले की त्याची गणना नामवैचित्र्यात करून पुढे जाण्यापेक्षा, त्याच पानावर अल्पायुषी ठरलेल्या भावंडांच्या नोंदी आहेत का हे अभ्यासकाने पाहावे. आजोबांचे नाव किंवा अधिक मास यांनी उलगडा होत नसेल, तर धोंडो हे त्या घराच्या बालमृत्यूचे, इतर कोठेही न नोंदलेले, एक साधन ठरू शकते.